शाळेतील वर्ष आणि विद्यापीठाचे मोजमाप
(भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात मॅट्रिकपासून श्रेयांकापर्यंतचा विचार)

१. प्रश्नाचे स्वरूप

शालेय शिक्षण कोठे संपते आणि विद्यापीठीय शिक्षण कोठे सुरू होते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. अमुक इतक्या इयत्ता शाळेने शिकवाव्या, त्यापुढील महाविद्यालयाने शिकवाव्या, एवढे ठरवून दिले म्हणजे तो सुटला असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही सीमारेषा एकाही पिढीत स्थिर राहिलेली नाही असे दिसून येते. ती कधी शाळेच्या बाजूस सरकली, कधी महाविद्यालयाच्या. आणि प्रत्येक वेळी तिच्या सरकण्याने काही विद्यार्थ्यांचा मार्ग सुकर झाला, तर काहींचा अधिक लांबला.

या प्रश्नाचे एक विशेष अंग असे की, विद्यार्थ्याने शाळेत असतानाच महाविद्यालयीन योग्यतेचा अभ्यास पुरा केला व त्याची परीक्षाही दिली, तर पुढे महाविद्यालयाने तो अभ्यास आपल्या हिशेबात धरावा काय? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या परीक्षांच्या रूपाने देण्यात आले, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना त्या परीक्षा चांगल्या परिचित आहेत. आपल्याकडे त्या नावाची व्यवस्था सार्वत्रिक झाली नाही. तथापि हा प्रश्न आपल्याकडे उद्भवलाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मध्यप्रांतात, पुढे विदर्भात आणि आजच्या महाराष्ट्रात तो निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार भंडारा जिल्ह्याच्या बाजूने केला आहे. जिल्ह्याची निवड सहेतुक आहे. विद्यापीठाच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला एखादे वर्ष शाळेत मोजले काय किंवा महाविद्यालयात मोजले काय, फारसा फरक पडत नाही. दोन्ही संस्था त्याच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर असतात. विद्यापीठापासून दूर असलेल्या, पण त्याच्याच कक्षेत येणाऱ्या जिल्ह्यात मात्र त्या एका वर्षाचे खरे मोल कळून येते. नागपूरच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा धानाचा व तलावांचा मुलूख अशा अभ्यासाला योग्य आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कालखंडाविषयी लिहिताना 'भंडारा जिल्हा' या संज्ञेत गोंदियाचाही समावेश अभिप्रेत आहे.

२. दूरच्या विद्यापीठांच्या कक्षेत

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये स्थापन झाले. त्या वेळी मध्यप्रांताला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. येथील महाविद्यालये प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होती. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांची प्रादेशिक क्षेत्रे आखण्याचा अधिकार सरकारला मिळाल्यानंतर ती अलाहाबाद विद्यापीठाच्या कक्षेत गेली. अशा रीतीने नागपूरच्या विद्यार्थ्याची परीक्षा सुमारे ४० वर्षे परप्रांतातील विद्यापीठे घेत होती.

या काळातील सोपान सरळ होता. शाळेच्या अखेरीस प्रवेश परीक्षा, म्हणजेच लोकांच्या तोंडची मॅट्रिक. त्यानंतर महाविद्यालयात दोन वर्षांनी एफ. ए., म्हणजे पुढील काळातील इंटरमिजिएट. आणि त्यानंतर दोन वर्षांनी बी. ए. यांतील मॅट्रिक ही शाळेतील विद्यार्थ्याची परीक्षा असली तरी ती घेणारे विद्यापीठच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेचा शेवटचा शब्द शाळेचा नव्हता. शाळेने काय शिकवावे याचे नियमन विद्यापीठ आपल्या प्रवेशाच्या गरजेप्रमाणे करीत असे, आणि ज्यांना कधीच महाविद्यालयात जावयाचे नव्हते अशा बहुसंख्य मुलांचा अभ्यासक्रमही त्याच मापाने कापला जात असे.

बुद्धिमान विद्यार्थ्याला वेळेपूर्वी पुढे जाण्यास या व्यवस्थेत फारसा वाव नव्हता. एखादी इयत्ता गाळून मुलाला वर चढविण्याची, म्हणजे 'डबल प्रमोशन'ची प्रथा शाळांतून होती. पण तिचा लाभ शाळेच्या चार भिंतींतच संपत असे. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने तर मॅट्रिकच्या उमेदवारासाठी किमान १५ वर्षे वयाची अट असावी अशी शिफारस केली. अल्पवयीन मुले पाठांतराच्या बळावर परीक्षा उत्तीर्ण होतात व महाविद्यालयीन अध्ययनास अपरिपक्व ठरतात, ही त्यामागील चिंता होती. ती चिंता निराधार नव्हती. मात्र तिच्यावरील उपाय विद्यार्थ्याचे वय मोजण्याचा होता, त्याचे ज्ञान मोजण्याचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

भंडारा जिल्ह्याची १९०१ ची लोकसंख्या सुमारे ६ लाख ६३ हजार होती. दुष्काळांनी पोळलेल्या या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा विचार करू शकणारी कुटुंबे मोजकीच: काही मालगुजार, काही वकील, काही सरकारी नोकर आणि तुमसर, गोंदियासारख्या बाजारपेठांतील काही व्यापारी. भंडारा येथील मन्रो हायस्कूलसारख्या शाळेतून मॅट्रिक होणाऱ्या मुलापुढे एफ. ए. किंवा इंटरसाठी बहुधा नागपूर हाच मार्ग असे. तेथे राहण्याची सोय, खानावळीचा खर्च आणि चार वर्षांची फी यांचा विचार झाल्यावरच मुलाला पुढे शिकवावयाचे की नाही हे ठरे. चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे वास्तविक शालेय स्वरूपाच्या अभ्यासाची होती. ती दोन वर्षे गावी शिकविता आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न जिल्ह्याच्या दृष्टीने तेव्हाही मोलाचा होता.

३. अर्धी स्वीकारलेली शिफारस

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर मांडण्याचे श्रेय कलकत्ता विद्यापीठ आयोगाकडे जाते. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९१७ ते १९१९ या काळात काम केले. नाव जरी एका विद्यापीठाचे असले तरी त्याच्या अहवालाचा परिणाम सर्व हिंदुस्थानावर झाला. आयोगाचा मुख्य निष्कर्ष असा होता की, शाळा व विद्यापीठ यांमधील खरी सीमा मॅट्रिक ही नसून इंटरमिजिएट ही आहे. इंटरची दोन वर्षे विद्यापीठातून काढून घ्यावीत, त्यांसाठी स्वतंत्र किंवा हायस्कुलांना जोडलेली इंटरमिजिएट महाविद्यालये काढावीत, माध्यमिक व इंटरमिजिएट शिक्षणासाठी वेगळे मंडळ असावे, आणि पदवीचा अभ्यासक्रम इंटरनंतर तीन वर्षांचा असावा, अशी योजना आयोगाने मांडली.

संयुक्त प्रांताने ही शिफारस बऱ्याच अंशी अंगीकारली. तेथे १९२१ मध्ये हायस्कूल व इंटरमिजिएट शिक्षणाचे एकच मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी कार्यास आरंभ केलेल्या ढाका विद्यापीठानेही इंटरचे वर्ग आपल्या कक्षेबाहेर ठेवले. मध्यप्रांताचा निर्णय मात्र वेगळा झाला. १९२२ च्या मध्यप्रांत हायस्कूल शिक्षण कायद्याने हायस्कूलसाठी मंडळ निर्माण केले, आणि शाळेची अंतिम परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून या मंडळाकडे दिली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू होत. परंतु इंटरमिजिएट परीक्षा विद्यापीठाकडेच राहिली.

सॅडलर आयोगाच्या योजनेचा हा अर्धाच स्वीकार होता. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. नव्या विद्यापीठाला मोजकीच महाविद्यालये संलग्न होती. इंटरचे विद्यार्थी वगळले तर त्या महाविद्यालयांतील वर्ग ओस पडले असते, आणि त्यांच्या फीवर अवलंबून असलेला जमाखर्चही कोलमडला असता. याच्या उलट, जिल्ह्याच्या गावांतील हायस्कुलांत इंटरचे वर्ग चालविण्याइतके शिक्षक, ग्रंथालये व प्रयोगशाळा उपलब्ध नव्हत्या. म्हणून तात्कालिक दृष्टीने पाहता हा निर्णय व्यवहारी होता.

त्याचा परिणाम मात्र दीर्घकाळ टिकला. मॅट्रिक व विद्यापीठ यांच्यामध्ये एक नवी संस्था, म्हणजे मंडळ, आले. पण मंडळाच्या परीक्षेला विद्यापीठाने जे मूल्य दिले ते केवळ प्रवेशाचे होते. मंडळाच्या परीक्षेतील उत्तम यश म्हणजे महाविद्यालयाच्या दारातून आत जाण्याचा अधिक चांगला परवाना. आत गेल्यावर सर्वांचा आरंभ एकाच पायरीवरून. गणितात किंवा संस्कृतात इंटरइतकी तयारी शाळेतच झालेल्या मुलालाही इंटरची दोन वर्षे पुरी करावी लागत. प्रवेश आणि श्रेय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद या विषयाच्या पुढील सर्व इतिहासात महत्त्वाचा ठरतो. आपल्या परीक्षापद्धतीने प्रवेशाच्या कसोट्या अनेक निर्माण केल्या. श्रेय देण्याच्या बाबतीत मात्र ती कृपण राहिली.

४. १९५२: एकच प्रश्न, दोन उत्तरे

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला पुन्हा चालना मिळाली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठात प्रवेश इंटरच्या पातळीनंतर, म्हणजे १२ वर्षांच्या अध्ययनानंतर व्हावा अशी शिफारस केली. त्यानंतर सप्टेंबर १९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला व त्याने १९५३ मध्ये आपला अहवाल सादर केला. इंटरमिजिएट हा टप्पाच मोडून काढावा. त्याचे एक वर्ष शाळेला जोडून 'उच्च माध्यमिक' शाळा निर्माण कराव्यात आणि दुसरे वर्ष पदवीला जोडून तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा करावा, असा मुदलियार आयोगाचा तोडगा होता.

याच सुमारास अमेरिकेतही हाच प्रश्न चर्चेत होता, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांच्या अध्यापकांच्या समितीने १९५२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. शाळेची शेवटची दोन वर्षे व महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे यांत एकाच अभ्यासाची पुनरावृत्ती होते आणि हुशार विद्यार्थ्याचा वेळ वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच काळात केनियन महाविद्यालयाच्या पुढाकाराने काही महाविद्यालयांनी, शाळेत शिकविता येईल अशा महाविद्यालयीन अभ्यासक्रमांची व परीक्षांची योजना आखली. १९५५ मध्ये ही योजना 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने आपल्याकडे घेतली आणि १९५६ पासून तिच्या परीक्षा नियमित सुरू झाल्या. १ ते ५ अशा श्रेणींत निकाल लागतो. कोणत्या श्रेणीला किती श्रेय द्यावे हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरविते. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामी महाविद्यालयीन प्राध्यापक व शाळेतील शिक्षक एकत्र बसतात.

निदान एक असले तरी उपचार भिन्न झाले. अमेरिकेने संस्थांची सीमा होती तेथेच ठेवली आणि विद्यार्थ्याला एकेका विषयापुरती ती ओलांडण्याची मुभा दिली. इतिहासात पुढे असलेला विद्यार्थी इतिहासापुरता पुढे गेला; गणितात तो इतरांबरोबर राहिला तरी चालत असे. भारताने सीमाच उचलून दुसरीकडे नेली, आणि ती सर्वांसाठी, सर्व विषयांसाठी एकदम नेली. आपल्याकडे मोजमापाचे एकक 'विषय' नसून 'वर्ष' राहिले. विद्यार्थी परीक्षेत सर्व विषयांसह उत्तीर्ण होतो किंवा होत नाही. सुट्या विषयातील प्रावीण्य, मग ते कितीही उच्च असो, त्याला पुढच्या वर्षाच्या कोणत्याही भागातून मुक्त करीत नाही.

या भेदाचे मूळ केवळ परीक्षातंत्रात शोधणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील योजना थोड्या, संपन्न व परस्परांस ओळखणाऱ्या संस्थांच्या सहकार्यातून निघाली. शाळेतील शिक्षकाने शिकविलेला अभ्यास आपल्या अभ्यासासारखाच आहे, असा विश्वास विद्यापीठाला वाटू शकत होता. भारतात हजारो शाळांचा प्रश्न होता आणि राज्यघटनेने समतेचे अभिवचन दिले होते. मूठभर शाळांतील मूठभर मुलांना सवलत देण्यापेक्षा सर्वांची शाळा एक वर्षाने उंच करावी, हा विचार तत्त्वतः अधिक उदार होता. तो व्यवहारात कितपत उतरला, हे पाहण्यासाठी आपणांस पुन्हा भंडाऱ्याकडे वळले पाहिजे.

५. दोन वाटा व त्यांचे मोल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राचा भाग झाले. पश्चिम महाराष्ट्रात एस. एस. सी. नंतर महाविद्यालयाची चार वर्षे हा क्रम चालू राहिला. विदर्भातील व्यवस्था मात्र मुदलियार आयोगाच्या आराखड्याला जवळची होती. येथे विद्यार्थ्यापुढे दोन वाटा आल्या. मॅट्रिक होऊन महाविद्यालयात येणाऱ्याने प्रथम 'प्री-युनिव्हर्सिटी'चे एक वर्ष करावयाचे व मग त्रैवार्षिक पदवी अभ्यासक्रमात प्रवेश घ्यावयाचा. ज्याने शाळेतच वाढीव वर्ग पुरा करून 'हायर सेकंडरी' परीक्षा दिली असेल त्याने सरळ पदवीच्या पहिल्या वर्षात जावयाचे.

शाळेत केलेल्या अभ्यासाला विद्यापीठाने आपल्या एका वर्षाच्या बरोबरीचे मानले, असे हे आपल्या प्रदेशातील पहिले व्यापक उदाहरण होय. हायर सेकंडरी झालेला मुलगा प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्षातून मुक्त होत असे. योजनेच्या हिशेबात दोन्ही वाटांचा कालावधी सारखाच होता. फरक होता तो स्थळाचा. एका वाटेने ते वर्ष गावातील शाळेत घालविता येत होते, दुसऱ्या वाटेने ते महाविद्यालयाच्या गावी घालवावे लागत होते.

साकोली, पवनी किंवा आमगावच्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. मुलगा घरी राहिला तर रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत त्याचे हात उपयोगी पडत. बाहेरगावी गेला तर ते हातही गेले आणि वर खोलीभाडे व जेवणाचा खर्च आला. मुलींच्या बाबतीत तर हे एक वर्ष पुष्कळदा निर्णायक ठरण्यासारखे होते, कारण गावातील शाळेत आणखी एक वर्ष पाठविण्यास तयार असलेला बाप परगावच्या महाविद्यालयात पाठविण्यास तयार होईलच असे नव्हते.

परंतु येथेच योजनेची मर्यादा उघड झाली. वाढीव वर्ग चालविण्यासाठी त्या त्या विषयातील पदव्युत्तर शिक्षक हवे होते, विज्ञान शाखेसाठी प्रयोगशाळा हवी होती. हे ज्या शाळांना शक्य झाले त्या उच्च माध्यमिक झाल्या. इतर मॅट्रिकपर्यंतच राहिल्या. अर्थात ज्या गावात चांगली साधने होती तेथील मुलाचे वर्ष घरी वाचले आणि ज्या गावात साधने नव्हती तेथील मुलाला ते बाहेर जाऊन करावे लागले. दूरच्या, साधनहीन गावातील मुलाला ज्या सवलतीची गरज सर्वांत अधिक होती, ती सवलत त्यालाच सर्वांत कमी मिळाली. नियम सर्वांना एकच होता. तो ज्यांच्या आवाक्यात होता अशांची संख्या मात्र शाळांच्या वाटणीने ठरली.

या त्रुटीची जाणीव शासनाला व शिक्षणतज्ज्ञांना झाली नव्हती असे नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक माध्यमिक शाळा उच्च माध्यमिक करण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि केवळ मोठ्या व कार्यक्षम शाळा, म्हणजे एकूण शाळांच्या सुमारे एक-चतुर्थांश, तेवढ्या वर न्याव्यात असे स्पष्टपणे सांगितले. मुदलियार आयोगाने कल्पिलेली सार्वत्रिक उन्नती साधनांच्या अभावी शक्य नाही, याची ही कबुलीच होय.

भंडारा जिल्ह्यात या अडचणीवर एक निराळा उपाय घडून आला. मनोहरभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि तिने जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अनेक हायस्कुले व त्यांच्या जोडीला महाविद्यालयेही काढली. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय ही याच संस्थेची होत. महाविद्यालय जिल्ह्यातच आल्यामुळे प्री-युनिव्हर्सिटीचे वर्ष नागपुरात काढण्याची निकड कमी झाली. शाळेचे वर्ष विद्यापीठाने मोजावे यासाठी जी धडपड होती, तिचा निम्मा हेतू महाविद्यालय जवळ आल्यानेच साधला गेला. श्रेय देण्याचा नियम आणि संस्था काढण्याचा उद्योग ही दोन्ही एकाच गरजेची उत्तरे होती. आणि या जिल्ह्यापुरते पाहिले तर दुसऱ्या उत्तराची व्याप्ती अधिक होती असे म्हणावे लागेल.

६. दहा अधिक दोन

१ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले व राज्यातील परीक्षाव्यवस्था एका छत्राखाली येऊ लागली. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्राने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला. त्याप्रमाणे दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. प्री-युनिव्हर्सिटी व हायर सेकंडरी या दोन्ही वाटा इतिहासजमा झाल्या. सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये जी सीमा सुचविली होती, तेथवर येण्यास आपणांस अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

नव्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की, अकरावी-बारावीचे वर्ग 'कनिष्ठ महाविद्यालय' या नावाने कोठे हायस्कुलाला, तर कोठे वरिष्ठ महाविद्यालयाला जोडले गेले. अभ्यासक्रम व परीक्षा मंडळाची, वास्तू शाळेची अथवा महाविद्यालयाची. त्यामुळे मोठ्या गावांतील मुलांना ही दोन वर्षे घराजवळ करणे शक्य झाले, आणि हा लाभ पूर्वीच्या कोणत्याही योजनेपेक्षा अधिक विस्तृत होता.

या लाभाबरोबर एक हानीही झाली. दोन्ही वर्षे संपूर्णपणे मंडळाकडे गेल्यामुळे विद्यापीठाचा त्यांच्याशी असलेला संबंध तुटला. हायर सेकंडरीच्या काळात शाळेतील एक वर्ष हे विद्यापीठाच्या एका वर्षाच्या बरोबरीचे आहे, असे विद्यापीठाला निदान मान्य करावे लागत होते. आता तशी तुलना करण्याचे प्रयोजनच उरले नाही. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा व वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवरील 'नीट' आल्यावर बारावीच्या गुणांचे महत्त्वही घटले. या परीक्षांची काठिण्यपातळी बरीच वरची असून त्यांसाठी विद्यार्थी वर्षे खर्च करतो. तथापि त्यांतील यशही केवळ प्रवेशच देते. भौतिकशास्त्रात असामान्य गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यालाही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र पुन्हा शिकावे लागते.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो अभिजनांच्या शाळांतून आलेला नाही, हे विशेष होय. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका पुरी करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. त्याचप्रमाणे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या विद्यार्थ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. साकोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून निघालेला विद्यार्थी या मार्गाने पदवीचे एक संपूर्ण वर्ष आपल्या आधीच्या अभ्यासाच्या बळावर ओलांडतो. शाळकरी वयात सुरू केलेल्या वरच्या पातळीच्या अभ्यासाला विद्यापीठीय श्रेय मिळण्याचे हे या जिल्ह्यातील आजचे प्रत्यक्ष उदाहरण होय. कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांत त्याला तोड नाही.

७. श्रेयांकाची नवी भाषा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. २०२१ मध्ये श्रेयांक साठविण्याची राष्ट्रीय पेढी सुरू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. या आराखड्याने शालेय, व्यावसायिक व उच्च शिक्षण यांना प्रथमच एका मापात बसविले. वर्षाला १२०० तासांचे अध्ययन व ४० श्रेयांक हे त्याचे मूळ परिमाण आहे. दहावीची पातळी ३, बारावीची ४, पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५, आणि अशा क्रमाने विद्यावाचस्पती पदवीची ८ अशी शिडी त्यात आखली आहे.

मोजमापाचे एकक 'वर्षा'वरून 'श्रेयांका'वर आले, हा १९५२ नंतरचा सर्वांत मूलगामी बदल मानावा लागेल. आता सुट्या विषयाचा अभ्यास सुटा मोजता येण्यास तात्त्विक अडचण उरलेली नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला 'स्वयं' या शासकीय दूरशिक्षण मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविता येतात, अशी तरतूद २०२१ च्या नियमांत आहे. परंतु बारावीचे श्रेयांक जमा असले म्हणून पदवीचे एखादे सत्र कमी होत नाही. पातळी ४ व पातळी ४.५ यांच्यामधील रेषा ही जुन्या मॅट्रिक-इंटर रेषेचीच वंशज आहे. ती रेषा शाळेत असतानाच, एखाद्या विषयापुरती, ओलांडण्याची मुभा द्यावयाची की नाही, हा निर्णय अद्याप विद्यापीठांनी घ्यावयाचा आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, श्रेय हे मुळात दोन संस्थांमधील विश्वासाचे नाते आहे. विद्यार्थ्याचे ज्ञान तेच असते. ते मोजले जाते की नाही, हे परीक्षा कोण घेतो व तिच्यावर कोणाचा विश्वास आहे यावर अवलंबून असते. १९२२ मध्ये परीक्षा मंडळाकडे गेली तेव्हा विद्यापीठाने तिला प्रवेशापुरते मानले; उच्च माध्यमिक योजनेत एका वर्षापुरते मानले; पदविकेच्या बाबतीत आजही मानते. जेथे शाळा व विद्यापीठ यांचे अध्यापक अभ्यासक्रम व परीक्षण यांत एकत्र बसले तेथे हा विश्वास टिकला. सुट्या विषयांच्या श्रेयाची योजना आपल्याकडे आणावयाची असेल तर तिचा आरंभ परीक्षेपासून न करता या एकत्र बसण्यापासून करावा लागेल.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या सुधारकांनी 'सर्वांची एकदम उन्नती' हे जे ध्येय ठेवले ते योग्य असले तरी त्यामुळे एकेकट्या विद्यार्थ्याच्या गतीचा विचार मागे पडला. समता म्हणजे सर्वांनी एकाच वेगाने चालणे नव्हे, हे मान्य करण्यास आपणांस बराच काळ लागला.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट भंडारा जिल्ह्याचा इतिहास शिकवितो. शाळेतील प्रगत अभ्यासाला महाविद्यालयीन मूल्य देण्याचा नियम कागदावर सर्वांना समान असतो, पण त्याचा लाभ तो अभ्यास जेथे शिकविला जातो तेथेच मिळतो. नागपुरातील शाळेला शक्य असलेला प्रगत विषय लाखांदूर तालुक्यातील शाळेत शिकविण्यास शिक्षकच नसेल, तर श्रेयांकाची पेढी त्या मुलाच्या नावावर काय जमा करणार? उच्च माध्यमिक वर्गांच्या बाबतीत हेच घडले होते. तेव्हा नव्या योजनेत विद्यापीठाने आपल्या कक्षेतील नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील कोणत्या शाळांत कोणते प्रगत विषय शिकविले जाऊ शकतात याची पाहणी आधी करावी, तालुक्याच्या गावातील वरिष्ठ महाविद्यालयाच्या प्राध्यापकांवर जवळच्या शाळांतील अशा अध्यापनाची जबाबदारी सोपवावी, आणि त्यानंतरच परीक्षा व श्रेय यांचे नियम करावेत. १९५८ मध्ये या जिल्ह्यात आधी संस्था आल्या व मग मार्ग सुकर झाला; तो क्रम उलटा करून पाहण्याची किंमत आपण उच्च माध्यमिक योजनेत एकदा मोजलेली आहे.